खोबऱ्याच्या बुंध्यावरचा निळा डाग

सानवीने रुमालाची घडी उलगडली आणि आतलं पान माझ्यासमोर सरकवलं.

"हात लावू नका गुरुजी. ठसे जातील."

आंब्याचं जून पान होतं. त्यावर वाटाण्याएवढी गोल भोकं पडली होती आणि प्रत्येक भोकाच्या कडेला तपकिरी रेघ होती. कुणी उदबत्ती टेकवली तर असं होईल.

"कुणाचे ठसे?" मी विचारलं.

तिने मान जराशी वळवून पडवीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या तेजस्वीकडे पाहिलं. तेजस्वी खाली मान घालून चटईची काडी उपसत होती.

शनिवारची सकाळची शाळा सुटली की वाडीतली पोरं जेवून माझ्या पडवीत येतात. मी शाळेतून निवृत्त झाल्यापासूनचा हा शिरस्ता. पुस्तक नसतं, परीक्षा नसते. कुणी शिंपला आणतं, कुणी मेलेला भुंगा, आणि त्यावरून आमचं बोलणं सुरू होतं. सानवी आणि तेजस्वी एकाच वर्गातल्या, एकाच चटईवर बसणाऱ्या, एकीचा खाऊ दुसरीने संपवणाऱ्या. त्या दिवशी मात्र बाकीची सगळी पोरं दोघींच्या मध्ये बसली होती, आणि आपण मध्ये का बसलोय हे त्या पोरांनाही ठाऊक होतं.

ठाऊक सगळ्या वाडीलाच होतं. सानवीची आजी कमळावहिनी आणि तेजस्वीचा आजोबा धोंडू यांच्या घरांमध्ये एक गडगा आहे, जांभ्याचे दगड नुसते एकावर एक रचून केलेला. गडग्याला लागून, वहिनींच्या बाजूला, एक रायवळ आंबा आहे. त्याची कैरी ओल्या खोबऱ्यासारखी लागते, म्हणून त्याचं नाव खोबऱ्या. हापूसचा तोरा त्याला नाही, पण पूर्णगडच्या अलीकडच्या आमच्या या वाडीत एकही लोणच्याची बरणी त्याच्याशिवाय भरत नाही. हा खोबऱ्या पावसाळा संपल्यापासून वाळत चालला होता. आधी शेंडे गेले, मग फांद्या. बुंध्यातून काळपट डिंक ओघळू लागला. आणि नुकतंच एका सकाळी वहिनींना बुंध्यावर निळा डाग दिसला.

निळा म्हणजे मोरचूद. आमच्याकडे नको असलेलं झाड मारायचं तर बुंध्याला भोक पाडून त्यात हिंग नाहीतर मोरचूद भरतात, असं लहान पोरही सांगेल. आणि धोंडूला हे झाड नको आहे, हे तर धोंडूनेच सगळ्यांना सांगून ठेवलेलं. खोबऱ्याची एक फांदी त्याच्या पडवीवर जाते, दर वाऱ्यावादळात त्याची कौलं फुटतात. गेल्या पावसात वाडीच्या बैठकीत तो म्हणाला होता, "एक दिवस हिंग घालीन त्याच्या बुडात, मगे कळेल."

म्हणून येत्या सोमवारी कमळावहिनी देवळात नारळ ठेवणार होत्या.

नारळ ठेवणं ही आमच्याकडे पोलिसांत जाण्यापेक्षा मोठी गोष्ट आहे. नारळ देवापुढे ठेवून गुरव गाऱ्हाणं घालतो. ज्याने वाईट केलं त्याच्या घराचं वाईट होवो म्हणतो, आणि जमलेली माणसं "होय महाराजा" म्हणून त्याला दुजोरा देतात. नाव कुणी घेत नाही. ते सगळ्यांच्या मनात असतंच. एकदा असा नारळ ठेवला गेला की त्या दोन घरांत हळदीकुंकू नाही, लग्नाचं बोलावणं नाही, मयताला खांदा नाही. भांडण कशावरून झालं हे ज्यांना माहीत नाही, पण समोरच्या घराशी बोलायचं नाही एवढं मात्र माहीत आहे, अशी नातवंडं मी माझ्या वर्गात शिकवली आहेत. वेगवेगळ्या बाकांवर बसवून.

"हे भोक कुणी पाडलं असेल?" मी पान देठाला धरून सगळ्यांना दाखवलं.

"किड्याने," गौरव म्हणाला. त्याचं उत्तर नेहमी किडा असतं.

"ॲसिडने," सानवी म्हणाली. "शिंपडलंय. गडग्याच्या पलीकडून."

तेजस्वीने मान वर केली. "माझ्या आजोबांकडे ॲसिड नाय."

"मी कुणाचं नाव घेतलं काय?"

मी खिशातलं भिंग काढलं आणि पान फिरवलं. किड्याने कुरतडलं तर कड दातेरी दिसते. थेंब पडला तर डाग ओघळतो. ही भोकं कशी गोल होती, कडेची रेघ कशी एकसारखी होती, ते मी एकेकाला बघायला लावलं.

"झाडाला पळता येत नाही," मी म्हटलं. "दवाखान्यात जाता येत नाही. दार लावून घेता येत नाही. मग बुरशीचा एक कण पानात शिरला तर त्याने करायचं काय? तर त्या कणाच्या भोवतीचं स्वतःचंच अंग झाड मारून टाकतं. आजूबाजूला जिवंत काही उरलंच नाही की बुरशीला पुढे सरकता येत नाही, ती उपाशी मरते. मग तेवढी वाळलेली टिकली गळून पडते. ते हे भोक."

"म्हणजे झाडानेच पाडलं?"

"झाडानेच."

सानवीचा चेहरा उतरला. तिचा पुरावा गेला होता. तेजस्वी मात्र विचारात पडली.

"गुरुजी, आणि चुकून जास्त मारलं तर?"

"तसंही होतं कधी कधी. काही झाडांना नसलेला रोग दिसतो. मग ती चांगली पानं जाळत सुटतात."

"येडीच असतात मगे," गौरव म्हणाला आणि सगळी हसली. दोघी सोडून.

"पण निळा डाग?" सानवी म्हणाली. "तो झाडाने पाडला काय?"

खरं सांगायचं तर डागाचं नाव निघालं की माझ्याही डोळ्यांसमोर धोंडूच येत होता.

त्याच संध्याकाळी मी पोरांना घेऊन खोबऱ्या बघायला गेलो. झाडाभोवती सुबक पार आहे, कमरेएवढा. बाजूने घडीव चिरे, वर लाल फरशी. सानवीचा बाप नितेश मुंबईला असतो. आईला झाडाखाली बसायला बरं म्हणून त्याने मे महिन्याच्या सुट्टीत तो स्वतः उभा राहून बांधून घेतला होता. त्याला आता दोन पावसाळे झाले. पार झाला त्या दिवशी सगळ्या वाडीने त्यावर बसून चहा घेतला होता. आता त्यावर एकट्या कमळावहिनी बसल्या होत्या, मांडीत सूप, हातात तांदूळ, आणि नजर गडग्यावर. डाग दिसल्यापासून त्यांनी घरातली बैठी कामं पारावर आणली होती.

"पोरं येऊ देत," त्या म्हणाल्या. "ती नको."

तेजस्वी दारातूनच वळली. थोड्या वेळाने ती गडग्याच्या पलीकडे, स्वतःच्या अंगणात उभी दिसली.

मी बुंध्याशी वाकलो. डिंक जिथे जिथे गळत होता, तिथे तिथे निळसर लेप होता. बोट लावलं तर पिठासारखं काही हाताला आलं. आसपास बारीक भोकं होती, टाचणीच्या डोक्याहून थोडी मोठी, आणि प्रत्येकाच्या तोंडाशी लाकडाचा भुसा.

"वहिनी, ही भोकं गिरमिटाची नाहीत. किड्याची आहेत."

"गिरमिटाचं भोक तो असं चारचौघांत दिसेल तिथे पाडील काय?"

"झाड सगळ्या बाजूंनी वाळतंय. त्याच्या बाजूने विष घातलं असतं तर..."

"विषाला बाजू असते काय गुरुजी?"

मी पोरांकडे वळलो. किडा साल पोखरून आत शिरायला लागला की झाड तिथे चीक सोडतं, हे दाखवलं. किडा चिकात अडकतो, चीक सुकून डिंक होतो आणि भोक बुजतं. एका ओघळात खरंच एक भुंगेरा अडकलेला सापडला. गौरवला फार आनंद झाला.

"म्हणजे रडतंय ते," वहिनी म्हणाल्या.

"रडत नाही वहिनी. लढतंय."

"कुणाशी?" त्या म्हणाल्या, आणि पुन्हा गडग्याकडे बघू लागल्या.

मी वर पाहिलं. ज्या फांद्यांवर अजून पानं होती त्या मोहोराने अशा लगडल्या होत्या की पान दिसू नये. गेल्या वर्षी खोबऱ्याने भरपूर फळ दिलं होतं, यंदा त्याची पाळी नव्हती. जिवावर बेतलं की काही झाडं असा मोहोर काढतात, हे मला माहीत होतं. पोरांना ते मी सांगितलं नाही. सानवी मोहोराकडे बघून हसत होती.

रविवारी सकाळी मी धोंडूकडे गेलो. तो अंगणात सुपारी सोलत बसला होता. मला बघून त्याने हात थांबवला नाही.

"ये मास्तर. तूच राहिला होतास. उलटतपासणी करायची तर पाट घे आणि बस."

मी बसलो. "मोरचूद आहे तुझ्याकडे?"

"कुणाकडे नाय? पावसाआधी तू तुझ्या पोफळींवर काय गोमूत्र मारतोस?"

"खोबऱ्याला लावलास?"

सोलणारा हात थांबला. घरात भांडं वाजत होतं तेही थांबलं.

"लावलं," धोंडू म्हणाला. "चुन्यात कालवून. पोफळीचं उरलेलं सामान होतं. डिंक गळताना दिसला, लावलं."

"तुला तर ते झाड नको होतं."

"फांदी नको होती. झाडाने माझं काय घोडं मारलंय? त्याची कैरी खाऊन मोठा झालोय मी."

"मग हे जाऊन तिला सांग."

"का सांगू?" त्याने सुपारी टोपलीत टाकली. "न विचारता गडगा ओलांडला, एवढं माझं चुकलं. बाकी ती पारावर बसून माझ्या घराकडे तोंड करून काय काय बोलते, ते तू ऐकलंयस? माझी नात जेवत नाय धड. मी जाऊन खुलासा देऊ तिला? ठेवू दे नारळ. मी केलं नसेल तर मला कशाला लागेल? ज्याने केलं त्याला लागेल."

हे बोलणं निर्दोष माणसाचं होतं. पण दोषी माणूसही हेच बोलला असता. चुन्यात कालवलेला मोरचूद हे औषध आणि नुसता मोरचूद हे विष, आणि वाळल्यावर दोन्ही निळेच दिसतात. माझ्या बोटाला चुना लागला होता, हे खरं. पण आधी विष भरून वरून चुना लावता येत नाही, असं थोडंच आहे? इतक्या वर्षांच्या शेजाऱ्याबद्दल आपण असा विचार करतोय याची मला लाज वाटली, आणि तरी तो विचार जाईना. उठताना मी त्याच्या पडवीच्या कोपऱ्यात एक नजर टाकून घेतली. तिथे चुन्याचा डबा होता. धोंडूने मला बघताना बघितलं.

"झडती घे हवी तर," तो म्हणाला.

मी निघालो. तेजस्वी गडग्यावर पाय सोडून बसली होती.

"सानवी बोलत नाय माझ्याशी," ती म्हणाली. "आधी भांडण झालं की आम्ही घोड्यावर बसायचो. जिची चूक ती मागे. मगे भांडण संपायचं."

"कुठला घोडा?"

"खोबऱ्याचा. ते मूळ होतं ना गुरुजी, वाकडं, जमिनीच्या वर आलेलं? त्याला पाठ होती, मान होती. आता पाराच्या खाली गेला तो."

मी गडग्यावरून खोबऱ्याकडे पाहिलं. रोज बघत होतो, काल तासभर बघितला होता, आणि आत्ता पहिल्यांदा दिसलं. कुठलंही मोठं झाड जमिनीत शिरताना बुडाशी पसरतं, पाय फाकवून उभं राहतं. खोबऱ्या लाल फरशीत सरळ शिरला होता, विजेच्या खांबासारखा. त्याचे पाय, घोडा, सगळं कमरेएवढ्या भरावाखाली होतं. तो भराव मी घातला जाताना पाहिला होता. चिऱ्यांची खपली, विहिरीतला गाळ, वर सिमेंट, वर फरशी. पाण्याला बाहेर यायला वाट नाही, हवेला आत जायला नाही. दोन पावसाळ्यांचं पाणी त्या हौदात उभं होतं आणि मुळं त्यात होती.

बाकी सगळं नंतरचं. मुळं गुदमरली, म्हणून झाडाने जेवढं पोसता येईना तेवढे शेंडे सोडून दिले. अंगात जोर राहिला नाही, म्हणून किडे आले. किडे आले, म्हणून डिंक. आणि डिंक दिसला, म्हणून धोंडू चुन्याचा डबा घेऊन गडगा ओलांडून गेला.

ज्याने केलं त्याला लागेल, असं धोंडू म्हणाला होता.

मी घरी न जाता तसाच वहिनींकडे गेलो. त्या नारळ निवडत होत्या. कानाशी हलवून पाणी ऐकत होत्या. सानवी उंबऱ्याशी अभ्यासाला बसली होती.

"वहिनी, उद्या गाऱ्हाण्यात काय म्हणायचं ठरवलंय?"

"ज्याने माझं झाड मारलं, त्याचं घर असंच शेंड्यापासून वाळू दे."

माझी नजर सानवीवर गेली. शेंडा ती होती.

"ज्याने जाणूनबुजून मारलं, असं तरी म्हणा."

त्यांचा नारळ हलवणारा हात थांबला. "म्हणजे न जाणता कुणी मारलंय? कोणी?"

माझे डोळे पाराकडे गेले, आणि ते त्यांनी पाहिलं.

"एक फरशी उचलून बघू या. मागच्या बाजूची. पुन्हा बसवता येईल."

"सकाळी तुम्ही धोंडूकडे गेलेलात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पाटावर बसलात. मला दिसतं इथून सगळं. त्याने शिकवून पाठवलं ना? कौलं फुटतात म्हणून झाड मारलं, आता माझ्या पोराने बांधलेला पार फोडायचाय."

"मला कुणी पाठवलं नाही."

"नितेश आला की त्याला विचारा. त्याच्या हातची वस्तू मी कुणाला फोडू द्यायची नाय." त्यांनी नारळ ताम्हणात ठेवला. "तुम्हाला मी आपलं समजत होते, गुरुजी."

त्यांना नितेशचं नाव सांगून टाकावं असं वाटलं. पण त्या क्षणी त्यांनी ते मानलं नसतं. आणि समजा मानलं असतं, तर ते तोंडातून काढणारा मी आहे, हे त्या कधी विसरल्या नसत्या. मी निघालो. फाटकाशी मागून पावलं वाजली.

"गुरुजी," सानवीने विचारलं, "फरशीखाली काय आहे?"

"घोडा," मी म्हणालो.

सोमवारी सकाळी मी अंघोळ करून देवळाकडे जायला निघालो तोच वहिनींच्या घराकडून लोखंड दगडावर आपटल्याचा आवाज आला. मग वहिनींचा आवाज. मी झपाझप गेलो. वाडीतली पाचसहा माणसं माझ्याआधी पोचली होती.

पाराच्या मागच्या बाजूला सानवी दोन्ही हातांनी पहार धरून उभी होती. तिच्याशेजारी, वहिनींच्या हद्दीत, तेजस्वी. तिच्या हातात कोयती. वहिनी नवं लुगडं नेसून, ताम्हणात नारळ घेऊन, देवळात जायच्या तयारीत.

"बघितलंत?" त्या सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या. "आजोबा कमी पडला म्हणून नातीला पाठवलान."

"मी बोलावलं तिला," सानवी म्हणाली. "मला एकटीला उचलत नव्हतं."

फरशी उचकटली गेली होती. खालचं सिमेंट तिथे पातळ होतं आणि फुटलं होतं. भोकातून काळं पाणी हळूहळू वर येत होतं. आधी कुणाला काही जाणवलं नाही, मग वास आला. पुढे आलेली माणसं मागे सरली.

वहिनींनी ताम्हण खाली ठेवलं. त्या पाराशी गुडघे टेकून बसल्या आणि पदर सावरून कोपरापर्यंत हात आत घातला. चाचपत राहिल्या. हात बाहेर आला तेव्हा मुठीत सालीचा तुकडा होता. उकडलेल्या बटाट्याची साल निघते तसा तो मुळावरून निघून आला होता. त्यांनी तो नाकाशी नेला. माडाच्या बुडात पाणी तुंबलं की कसला वास येतो, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. सगळा जन्म त्यांनी माड राखले होते.

"मुळांनापण श्वास घ्यावा लागतो काय, गुरुजी?" तेजस्वीने विचारलं.

"लागतो."

वहिनींनी चिखलाचा हात तसाच धरून विचारलं, "आणि धोंडूचं ते निळं?"

"औषध होतं. चुन्यात कालवलेलं."

गडग्यापलीकडे कुणीतरी खाकरलं. वहिनींनी तिकडे पाहिलं नाही. त्या पाराकडे बघत होत्या, चिऱ्यांच्या नीट बसवलेल्या सांध्यांकडे. आजूबाजूची माणसं अजून एकमेकांना काय, काय, विचारत होती. त्यांना वास कळला होता, बाकीचं नव्हतं. वहिनींना सगळं कळलं होतं. त्यांचे ओठ हलले, रात्रभर पाठ केलेलं गाऱ्हाणं त्या मनात पुन्हा म्हणून बघत असाव्यात. मग एकदम त्यांनी सानवीला जवळ ओढलं, चिखलाच्या हातानेच.

"गुरव थांबला असेल," त्या म्हणाल्या आणि ताम्हण उचललं.

"वहिनी, आता..."

"देवाला सांगितलंय येते म्हणून."

आम्ही मागोमाग गेलो. देवळात बरीच माणसं जमली होती, असं काही असलं की जमतात. धोंडूही आला होता, सगळ्यांच्या मागे, खांबाला टेकून. स्वतःवरचा शाप उभं राहून ऐकायला आला होता तो. गुरवाने नारळ देवापुढे ठेवला, त्यावरचा चिखलाचा पंजा बघून जरा थबकला.

"ठरलंय तसंच घालू ना गाऱ्हाणं?"

"तसं नको," वहिनी म्हणाल्या. "झाड जगू दे म्हण."

"आणि ज्याने केलं त्याचं?"

त्याच भागासाठी माणसं आली होती.

"त्याला कळू दे म्हण," वहिनी म्हणाल्या. "एवढंच. बाकी त्याच्या घराचं सगळं बरं असू दे."

गुरवाने इकडे तिकडे पाहिलं आणि तसं गाऱ्हाणं घातलं. "होय महाराजा" विस्कळीत आलं. काहींना ते चुकीचं वाटलं असावं, काहींना कमी. सगळे थांबल्यावर मागून खांबाकडून एकट्याचा आवाज आला, "होय महाराजा."

दुपारी मी गेलो तेव्हा वहिनी स्वतः पहार घेऊन पाराचे चिरे ढिले करत होत्या. धोंडू गडग्याशी उभा होता, खांद्यावर त्याची पहार.

"येऊ काय?" त्याने विचारलं.

"मागल्या वेळी विचारून आलेलास काय?"

"म्हणून आता विचारतोय."

वहिनींनी घाम पुसला. "ये. आणि ती तुझी फांदी वाळलीच आहे आता. तोड काय ती एकदाची."

"नको," धोंडू गडगा ओलांडत म्हणाला. "राहू दे. फुटली तर फुटली कौलं."

"तोड म्हणते ना. वाळकी ठेवून झाडाला काय फायदा? काय हो गुरुजी?"

मी म्हटलं, तोडायला हवी. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की हा मध्ये कशाला बोलला.

संध्याकाळपर्यंत एक बाजू मोकळी झाली होती. तेवढ्यात सानवीच्या आईने फोन आणून दिला. नितेश होता, समोरासमोर दिसणारा फोन. त्याला आईच्या मागे विखुरलेले चिरे दिसले.

"आई, काय गो हे? पार कुणी पाडला?" मग त्याला पहार घेतलेला धोंडू दिसला. "धोंडूकाकाने पाडायला लावला ना? मला वाटलंच होतं. तू गप्प का आहेस? कुणी दम दिलाय काय तुला?"

धोंडूने पहार खाली ठेवली. मुलींनी खेळ थांबवला. काल सकाळी मी धोंडूच्या पडवीच्या कोपऱ्यात बघितलं, तेव्हा माझाही चेहरा असाच दिसला असेल.

"कुणी दम दिला नाय रे," वहिनी म्हणाल्या. "मी पाडला."

"पण का?"

त्या फोन घेऊन घराच्या मागे गेल्या. किती वेळ गेला कुणास ठाऊक. काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही, आणि परत आल्यावर कुणी विचारलं नाही. त्यांचे डोळे लाल होते.

"शिमग्याला येतो म्हणतोय. म्हणतो, उरलेली माती मीच काढणार, तोवर कुणी हात लावू नका."

धोंडूने खोबऱ्याकडे वर पाहिलं. "झाड शिमग्यापर्यंत थांबेल काय?" त्याने पहार उचलली. "त्याला म्हणावं चार घमेली ठेवतो तुझ्यासाठी."

अंधार पडायच्या आधी घोड्याची पाठ उघडी झाली. काळी पडली होती, साल सैल झाली होती, पण नखाने खरवडलं तर मानेकडच्या भागात आत अजून पिवळट ओल होती. मुलींना लगेच बसायचं होतं. मी नको म्हटलं.

"कधी बसायचं मगे?"

"साल घट्ट झाली की."

"आणि नाय झाली तर?"

मी सांगितलं, खोबऱ्या जगला की नाही ते पुढच्या पावसानंतर कळेल, नव्या पालवीवरून. वर मोहोरावर मधमाश्यांची घोंघों चालली होती. मोहोराचा अर्थ मी अजूनही मुलींना सांगितला नव्हता.

दोघी घोड्याच्या दोन बाजूंना उकिडव्या बसल्या. बसायचं नव्हतं, तरी आधी पुढे कुणी बसायचं यावर बोलणं सुरू झालं.

"मी मागे," सानवी म्हणाली.